चोंदलेले नाक आणि फुटणारा घोळणा

प्रश्न : माझे वय ४७ असून मी यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेबनीस आहे. सहा-सात वर्षांपासून माझे नाक सतत चोंदलेले असते, घशात कफ उतरत राहतो आणि कपाळ जड होते. दीड वर्षापासून नाक मोकळे करणारे थेंब टाकल्याशिवाय रात्री झोप लागत नाही. सकाळ-संध्याकाळ बाम घालून वाफारा घेतो आणि योगवर्गात शिकल्याप्रमाणे नळाच्या कोमट पाण्याने रोज जलनेती करतो. डोके फारच दुखले तर मेडिकलमधून गोळी आणतो. मार्चपासून मात्र महिन्यातून तीन-चार वेळा घोळणा फुटतो, कधी उजव्या नाकपुडीतून तर कधी डाव्या. अंगात उष्णता झाली असे आई म्हणते. ती डोके मागे टाकायला लावून कांदा हुंगवते आणि सब्जा, धण्याचे पाणी देते. मित्रांच्या मते नाकाचे हाड वाढले असून ऑपरेशनला पर्याय नाही. रक्तदाबाची गोळी आणि दोन वर्षांपासून रक्त पातळ ठेवणारी ७५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. घरच्या घरी काय करता येईल, जलनेती बंद करावी का आणि ऑपरेशन खरोखर लागेल का, हे कृपया सांगावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्याला दोन वेगवेगळे आजार आहेत, असे आपण आणि आपल्या आई, दोघांनीही धरून चालला आहात. नाक चोंदणे हा सर्दीचा विकार, म्हणून त्याला वाफ, बाम आणि ऊब. घोळणा फुटणे हा उष्णतेचा विकार, म्हणून त्याला सब्जा, धण्याचे पाणी आणि कांदा. म्हणजे सकाळी नाक तापवायचे आणि दुपारी तेच निववायचे. पत्र वाचून माझे मत असे झाले आहे की, हा एकाच नाकाचा एकच प्रश्न आहे आणि चोंदलेले नाक उघडण्यासाठी आपण जे काही करता, त्यातील बऱ्याच गोष्टी घोळणा फोडायला हातभार लावत आहेत. आपल्या नाकाला सध्या ऊबही नको आणि थंडावाही नको; त्याला ओलावा हवा आहे आणि थोडी विश्रांती हवी आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट आधी सांगतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी घोळण्याला घाबरून परस्पर बंद करू नका. ७५ मिलिग्रॅमची ही गोळी बहुतेक वेळा अ‍ॅस्पिरिनची असते आणि ती हृदयासाठी किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यासाठी दिलेली असते. ती अचानक सोडल्याने होऊ शकणारे नुकसान नाकातून जाणाऱ्या रक्तापेक्षा कितीतरी मोठे असू शकते. ती चालू ठेवायची की बदलायची, हे ज्यांनी दिली त्यांनाच ठरवू द्या. मात्र घोळणा फुटतो आहे ही गोष्ट त्यांच्या कानावर याच आठवड्यात घाला.

आता नाकाकडे वळू. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागावर, करंगळीचे टोक सहज पोहोचेल अशा ठिकाणी, चार-पाच रक्तवाहिन्यांच्या शाखा एकमेकींना मिळून बारीक जाळे तयार होते. घोळणा फुटतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा रक्त याच जागेतून येते. येथील अस्तर अतिशय पातळ असून त्याच्याखाली लगेच कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड असते. अस्तर ओले असेपर्यंत काही बिघडत नाही, पण ते वाळले की त्याला चीर पडते, चिरेवर खपली धरते, ती खपली आपण बोटाने काढतो किंवा जोराने नाक शिंकरताना निघते आणि खालची वाहिनी उघडी पडते. खपलीच्या जागी पुन्हा खपली येते आणि तेच चक्र फिरत राहते. विदर्भात मार्चपासून हवा कोरडी होत जाते आणि एप्रिल-मेच्या दुपारी तर तिच्यात ओलावा जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे आपल्या आईंचे निदान अगदीच चुकीचे नाही; फक्त ती उष्णता अंगात नसून बाहेरच्या कोरड्या हवेत आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. सब्जा आणि धण्याचे पाणी आनंदाने घ्या, उन्हाळ्यात ते चांगलेच आहे, परंतु पोटातून घेतलेले पाणी नाकाच्या पडद्यावरचा वाळलेला ठिपका भिजवू शकत नाही.

या कोरडेपणात भर घालणारी सर्वांत मोठी गोष्ट आपल्या उशाशी आहे. नाक मोकळे करणारे थेंब, ज्यांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असते, ते नाकातील सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळून पाच-दहा मिनिटांत वाट मोकळी करतात आणि म्हणूनच ते इतके प्रिय होतात. ते सलग तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरायचे नसतात. त्यापुढे आवळलेल्या वाहिन्या औषधाचा असर उतरताच आधीपेक्षा जास्त फुगतात, नाक पुन्हा बंद होते, आपण पुन्हा थेंब टाकतो आणि काही महिन्यांनी अशी अवस्था येते की, नाक सर्दीमुळे बंद आहे की थेंबांमुळे, हे सांगता येत नाही. आपण दीड वर्ष ते वापरत आहात, तेव्हा आपल्या चोंदण्याचा मोठा वाटा आता या बाटलीचाच असावा, असे मला वाटते. शिवाय हे थेंब अस्तर वाळवतात आणि रक्तदाब असलेल्यांनी तर त्यांच्यापासून जपूनच राहावे. सर्दीच्या ज्या गोळ्यांमध्ये फिनायलेफ्रिनसारखे नाक उघडणारे औषध असते, त्यांनाही हेच लागू आहे.

थेंब एकदम दोन्ही बाजूंचे बंद केले, तर पहिल्या तीन-चार रात्री इतक्या वाईट जातात की, माणूस पहाटे दोन वाजता उठून पुन्हा बाटली शोधतो. म्हणून मी रुग्णांना एका वेळी एकच नाकपुडी सोडवायला सांगतो. डाव्या नाकपुडीत आजपासून थेंब टाकायचे नाहीत, उजव्या नाकपुडीत फक्त झोपताना टाकायचे. डावी बाजू आपोआप मोकळी राहू लागली, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवसांनी, उजवीकडचेही थांबवायचे. या काळात उशाकडची बाजू थोडी उंच करून झोपल्यास त्रास कमी होतो. सोबत कोर्टिसोनच्या वर्गातला, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकात मारायचा स्प्रे दिल्यास ही सुटका पुष्कळ सोपी होते, पण तो डॉक्टरांनी नाक आतून पाहून सुरू करावा. त्याबद्दल पुढे लिहितोच.

एक साधी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. निरोगी माणसाच्या नाकातही दोन्ही बाजू कधीच सारख्या मोकळ्या नसतात. काही तास एक बाजू थोडी फुगते आणि दुसरी वाहते, मग पाळी बदलते. चंद्रनाडी आणि सूर्यनाडी म्हणून योगाभ्यासात हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखले गेले आहे. थेंबांची सवय लागलेला माणूस मात्र ही नैसर्गिक अदलाबदलही आजार समजून त्यावर औषध टाकू लागतो. तेव्हा एक बाजू मोकळी असताना दुसरी बंद वाटली, तर बाटलीकडे हात नेऊ नका.

वाफाऱ्याविषयी मी जे म्हणणार आहे, ते अनेकांना आवडणार नाही. तोंडावर पंचा घेऊन उकळत्या पातेल्यावर वाकल्याने तात्पुरते बरे वाटते, हे खरे आहे, पण जुनाट सायनसच्या त्रासात त्याचा टिकाऊ उपयोग होतो असे दिसलेले नाही आणि पातेले कलंडून भाजलेली माणसे, विशेषतः लहान मुले, कान-नाक-घशाच्या नव्हे तर भाजलेल्यांच्या वॉर्डात पोहोचतात. गरम वाफेने नाकातल्या वाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ज्याचा घोळणा फुटतो त्याने तर ती टाळलेलीच बरी. बाममधील मेंथॉलची गंमत अशी की, ते नाकाला थंडावा जाणवणाऱ्या नसा चेतवते आणि नाक उघडले असा भास निर्माण करते. प्रत्यक्षात वाट तेवढीच अरुंद राहते. कापूर, निलगिरी आणि ओव्याची पुरचुंडी यांचेही थोडेफार असेच आहे. पुरचुंडी लांबून हुंगायला माझी हरकत नाही, परंतु बाम किंवा निलगिरीचे तेल नाकपुडीच्या आत लावू नका आणि हळदीचा किंवा वेखंडाचा धूर नाकात घेऊ नका, कारण धूर म्हणजे वाळलेल्या जखमेवर राख टाकण्यासारखेच आहे. तपकीर किंवा विडी-सिगारेटची सवय असल्यास, पत्रात त्याचा उल्लेख नाही, तीही याच कारणासाठी सोडावी लागेल.

डोकेदुखीसाठी आपण मेडिकलमधून कोणती गोळी आणता, हे आपण लिहिलेले नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा जादा अ‍ॅस्पिरिन असलेली गोळी ही रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या जोडीला घेतली, तर रक्त थांबण्याची शक्ती दुहेरी कमी होते, पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि रक्तदाबही चढू शकतो. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल घ्या आणि पाकिटावरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय दुसरी कोणतीही गोळी घेऊ नका. कपाळ जड होणे म्हणजे सायनसच, असेही समजू नये. सायनसचे दुखणे म्हणून वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या पुष्कळ लोकांना प्रत्यक्षात अर्धशिशी असते. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव नसताना केवळ डोके ठणकत असेल, उजेड आणि आवाज नकोसा होत असेल किंवा मळमळत असेल, तर नाकाचे औषध कितीही केले तरी ते डोके थांबणार नाही.

आता घोळणा फुटल्यावर नेमके काय करायचे ते सविस्तर सांगतो, कारण येथे घरोघरी चूक होते आणि ती चूक प्रेमापोटी होते. डोके मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, ते फक्त दिसेनासे होते. ते घशातून पोटात जाते आणि पोटात गेलेल्या रक्ताने थोड्या वेळाने काळपट उलटी झाली की, घरातल्यांची उरलीसुरली हिंमतही जाते. म्हणून खुर्चीवर ताठ बसा, कंबरेतून थोडे पुढे झुका आणि तोंडाखाली एखादे भांडे धरा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा खालचा, मऊ भाग, म्हणजे हाड संपल्यावर सुरू होणारा भाग, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबा. बहुतेक लोक वरचे हाड दाबून बसतात. तेथे कितीही दाबले तरी फुटलेल्या जागेवर दाब येत नाही. तोंडाने श्वास घ्या, घशात आलेले रक्त थुंका, गिळू नका. घड्याळ समोर ठेवून पूर्ण १० मिनिटे चिमटी सोडायची नाही. थांबले का म्हणून दर मिनिटाला उघडून पाहणारा माणूस तयार होत असलेली गुठळी दर मिनिटाला मोडत असतो. १० मिनिटांनी थांबले नसेल तर आणखी १० मिनिटे तसेच दाबा. नाकाच्या वर किंवा मानेमागे थंड पाण्याची पट्टी ठेवायला हरकत नाही, तिने बरे वाटते, पण काम चिमटीचेच आहे. कांद्याबद्दल आईंशी भांडू नका. कांद्याने काही बिघडत नाही, फक्त कांदा धरण्यासाठी नाकावरची चिमटी सुटू नये. दूर्वांचा रस किंवा डाळिंबाच्या फुलांचा रस नाकात पिळणे मात्र टाळावे, कारण न उकळलेला रस ओल्या जखमेत घालणे कोणत्याही अर्थाने बरे नाही.

सतत दाबूनही २० मिनिटांत रक्त थांबले नाही, किंवा रक्त भळाभळा वाहत असेल, घशातून सारखे खाली उतरत असेल, चक्कर येत असेल, छातीत धडधड वाढली असेल, तर नाक दाबूनच रुग्णालयात जा. आपण रक्त पातळ ठेवणारी गोळी घेता, म्हणून आपल्या बाबतीत वाट पाहण्याची मर्यादा मी यापुढे अजिबात ताणणार नाही. त्या वेळी रक्तदाब मोजला तर तो बहुधा वाढलेलाच दिसेल, कारण भीतीनेही तो चढतो. त्यामुळे घोळणा रक्तदाबामुळेच फुटला असा निष्कर्ष लगेच काढू नये. वाढलेल्या रक्तदाबाने रक्त थांबायला वेळ लागतो, एवढे मात्र खरे. सर्व शांत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी आणि पुढे आठवडाभर, तो बसून मोजा आणि लिहून ठेवा.

रक्त थांबल्यावरचे २४ तास नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंका, खाली वाकून जड वस्तू उचलू नका, कढत चहा थोडा निववून प्या आणि दोन उशा घेऊन झोपा. यानंतरचे दोन आठवडे अधिक महत्त्वाचे आहेत, कारण त्या काळात फुटलेल्या जागेवर नवे अस्तर येते आणि याच काळात माणूस बोट घालून खपली काढतो. दिवसातून दोनदा हरभऱ्याएवढे पेट्रोलियम जेली करंगळीच्या टोकावर घेऊन नाकपुडीच्या आत, पुढच्या भागातच, पडद्याच्या बाजूला हलकेच लावा आणि नंतर बाहेरून नाकपुडी दोन-तीन वेळा चेपा, म्हणजे ते आपोआप पसरते. कापसाची काडी वापरू नका. तिने नवे अस्तर खरवडते. झोपण्याच्या बराच आधी लावा, लगेच आडवे होऊ नका. साजूक तूप किंवा तिळाचे तेल लावण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि बोट बुडवून नाकपुडीला आतून लावण्याइतके ते असेल तर माझी तक्रार नाही. परंतु आडवे पडून नाकात तेलाचे थेंब ओतण्याची सवय सोडून द्या, कारण श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलेले तेल तेथून सहजासहजी निघत नाही आणि त्यातून एका विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. याखेरीज जागेपणी दर तीन-चार तासांनी सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे तयार थेंब किंवा फवारा दोन्ही नाकपुड्यांत वापरा. यात औषध काही नसते, त्यामुळे त्याची सवय लागत नाही आणि ते कितीही दिवस वापरता येते. मेकूड वाळून अडकले असेल तर तेही आधी या पाण्याने भिजवा आणि पाच मिनिटांनी हलकेच, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून शिंकरा.

जलनेती बंद करावी का, या प्रश्नाचे उत्तर असे की, सध्या आठवडाभर थांबवा आणि नंतर सुरू करा, पण आतापर्यंत केली तशी नव्हे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा जुनाट सायनसच्या त्रासात घरी करता येण्यासारखा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. त्याने घट्ट कफ सुटतो, धूळ आणि अ‍ॅलर्जी निर्माण करणारे कण वाहून जातात आणि अस्तर ओले राहते. आपण ती नळाच्या पाण्याने करता, हे मात्र आजच थांबवले पाहिजे. पिण्यासाठी चालणारे पाणी नाकात घालण्यासाठी चालतेच असे नाही. पोटातील आम्लात मरणारा एक अमीबा नाकातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोन व्यक्ती अशा मेंदूज्वराने दगावल्या, आणि केरळात २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण झाला तर क्वचितच कोणी वाचतो, आणि टाळण्यासाठी फक्त पाणी उकळावे लागते. खळखळ उकळी फुटल्यावर ते तीन ते पाच मिनिटे उकळू द्या आणि झाकून कोमट होऊ द्या. घरातील आरओ किंवा यूव्ही यंत्राचे पाणीही उकळल्याशिवाय नाकात घेऊ नका. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका.

मिठाचे प्रमाणही अंदाजाने घेऊ नये. पाव लिटर पाण्याला सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ लागते; औषधाबरोबर मिळणाऱ्या ५ मिलिलिटरच्या चमच्याने मोजल्यास बारीक मीठ अर्ध्या चमच्याला किंचित कमी, वर ढीग न ठेवता सपाट केलेले, असे घ्या. आयोडीनयुक्त मिठाने काहींना चुणचुणते, तसे झाल्यास आयोडीन नसलेले स्वच्छ मीठ वापरा. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यास आग होत नाही. मीठ कमी पडले की साध्या पाण्यासारखे नाक झोंबते आणि फार झाले की अस्तर उलट वाळते. पाणी मनगटावर ओतून पाहा. ते ना गरम ना गार लागले पाहिजे. मान बाजूला कलती करून तोंडाने श्वास घेत पाण्याची धार आपोआप वाहू द्या, बाटली दाबून जोर लावू नका. नंतर पुढे वाकून पाणी गळू द्या. योगवर्गात यानंतर जोरदार कपालभाती करायला सांगतात. घोळणा फुटणाऱ्याने ती करू नये, आणि एक नाकपुडी बंद करून फुंकर तर मुळीच मारू नये, कारण त्या जोराने पाणी कानाकडे सरकते. हठयोगप्रदीपिकेत वर्णन केलेली नेती ही मुळात सूत्रनेती आहे, म्हणजे वीतभर मऊ दोरा नाकातून घालून तोंडावाटे काढण्याची; आजकाल त्यासाठी रबरी नळीही वापरतात. कोणी ती शिकवायला आले, तर आपल्या नाकाच्या पडद्याची स्थिती सांगून नम्रपणे नकार द्या. नेतीचा लोटा रोज धुऊन पूर्ण वाळवा, ओला ठेवून झाकू नका.

नेतीची उत्तम वेळ आपल्या बाबतीत कारखान्यातून घरी आल्यावरची आहे. जिनिंगमध्ये रुईचे तंतू आणि सरकीची धूळ हवेत तरंगत असते, आणि हिशेबनीसाची खोली मुख्य शेडला लागूनच असते, असा माझा अनुभव आहे. हंगामात खोलीत बसतानाही नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क लावा. गळ्यात लोंबणारा पंचा त्याची जागा घेत नाही. खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगा. याच संदर्भात स्वतःलाच एक प्रश्न विचारा : साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होते का, दम लागतो का? तसे होत असेल, तर ते नाकाचे दुखणे नाही, कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा त्रास आहे आणि त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

घरी गादी, उशा आणि पांघरुणे यांतील अतिसूक्ष्म धूळकिडे हे अ‍ॅलर्जीचे मोठे कारण असतात. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या, म्हणजे हात घालता येणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवा आणि जुनी कापसाची उशी बदला. कूलरबद्दल सांगायचे तर, त्याची ओली हवा कोरड्या नाकाला चांगलीच असते, पण गेल्या वर्षीचे कुजलेले गवत तसेच ठेवून तो सुरू केला तर बुरशीचा वारा रात्रभर चेहऱ्यावर येतो. गवत दरवर्षी बदला, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करा, डेंग्यूच्या डासांसाठीही तेच हिताचे आहे, आणि झोत थेट तोंडावर घेऊ नका.

कोर्टिसोनच्या वर्गातला स्प्रे डॉक्टरांनी दिला, तर तो कसा मारायचा हे पाकिटावरच्या चित्रापेक्षा येथे नीट वाचा, कारण चुकीच्या पद्धतीने मारलेला स्प्रेही घोळणा फोडतो. डोके किंचित खाली झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा हात वापरा, म्हणजे नळीचे तोंड आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. जोराने ओढू नका, नेहमीसारखा श्वास घ्या. नाक धुऊन मग स्प्रे मारावा. त्याचा परिणाम पाच मिनिटांत दिसत नाही, पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात, आणि म्हणूनच थेंबांची सवय असलेले लोक तो तिसऱ्या दिवशी कुचकामी ठरवून फेकून देतात.

काही लक्षणांना घरगुती उपचारांत स्थान नाही. रक्त किंवा रक्तमिश्रित स्राव कायम एकाच बाजूने येत असेल आणि तीच बाजू सतत बंद असेल, गाल बधिर होत असेल, वरचे दात हलू लागले असतील, डोळ्याभोवती सूज आली असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर त्याच आठवड्यात दुर्बिणीने नाक तपासून घ्या. मधुमेह असताना नाकातून काळी खपली निघाली, तर त्याच दिवशी जा. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, महाराष्ट्रात जे केले, ते फार लोकांनी जवळून पाहिले आहे. तळ्यात-डबक्यात पोहण्याची सवय असलेल्यांच्या नाकात स्ट्रॉबेरीसारखी, सहज रक्त येणारी गाठ वाढू शकते, तीही तपासावी लागते. पावसाळ्यात तापासोबत घोळणा फुटला, तर डेंग्यू असू शकतो, त्या वेळी रक्ताची तपासणी आधी आणि बाकी सर्व नंतर. हिरड्यांतूनही रक्त येणे किंवा अंगावर न लागता काळेनिळे डाग पडणे, यांसाठीही थांबू नका.

राहिला ऑपरेशनचा प्रश्न. नाकाचे हाड वाढले, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण हाड वाढलेले नसते. एक तर नाकाचा पडदा एका बाजूला वाकलेला असतो, जो अनेक माणसांत थोडाफार वाकलेलाच असतो आणि त्यांना काही त्रास नसतो, किंवा नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील मांसल वळ्या अ‍ॅलर्जीने अथवा थेंबांनी सुजून हाडासारख्या दिसतात. पहिल्यावर कधी कधी शस्त्रक्रिया लागते, दुसऱ्यावर बहुधा औषधानेच काम होते, आणि थेंब चालू असताना या दोहोंतला फरक नीट ठरवता येत नाही. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना पहिल्यांदा आत्ताच भेटा. उघडी दिसणारी वाहिनी असेल तर ते ती सिल्व्हर नायट्रेटने डाग देऊन बंद करतील, दवाखान्यातच दोन मिनिटांत होणारे काम आहे. त्यानंतर थेंब सुटून, नाक रोज धुऊन आणि स्प्रे नियमित घेऊन तीन महिने झाले की पुन्हा दाखवा. सायनसचा सीटी स्कॅन काढायचाच असेल तर तो तेव्हा काढावा. सर्दीत काढलेल्या चित्रात निरोगी माणसाचे सायनसही भरलेले दिसतात. नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराची लोंबणारी मऊ वाढ, आढळले किंवा एवढे करूनही नाक बंदच राहिले, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा योग्य पर्याय ठरेल. भेटीला जाताना आपण घेत असलेली प्रत्येक गोळी, बाम आणि ती थेंबांची बाटली पिशवीत घालून सोबत न्या, आणि दीड वर्षाचा आकडा लाजेने तीन महिन्यांवर आणू नका.